कडुनिंब पिवळा पडतोय : पाणी द्यावं की तोडावं?

पत्र, थोडक्यात : जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांची कॉलनी पूर्वीच्या कपाशीच्या शेतात झालेली, जमीन काळी आणि भारी. मागच्या वर्षी जूनमध्ये त्यांनी घरासमोर सावलीसाठी कडुनिंबाचं सहा फुटी रोप लावलं. जेसीबीने तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा केला, तळाला विटांचे तुकडे आणि वाळू, वर शेणखत आणि पोयटा भरला. जागा मुद्दाम गच्चीच्या पाइपाजवळची निवडली, म्हणजे पावसाचं पाणी वाया जायला नको. पहिलं वर्ष बरं गेलं. यंदा जुलैपासून पानं पिवळी होऊन गळतायत, काही शेंडे वाळले आहेत. नर्सरीवाल्याने सांगितलं म्हणून दोनदा युरिया दिला, एकदा बुरशीनाशक ओतलं. सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची, सगळी हयात शेतीत गेली, ते रोज दोन बादल्या घालतात आणि म्हणतात, "झाड सुकी राहिनं, पानी दे." मिस्टर म्हणतात ट्रॉलीभर वाळू आणून मिसळू. शेजारी म्हणतात उपटा आणि दुसरं लावा. ताईंना वाटतं की आप्पांच्या पाण्यानेच झाड सडतंय, पण त्यांना हे सांगायचं कसं? आणि शेवटी त्या विचारतात, "कडुनिंब तर आपल्याकडे कुठेही येतो, मग माझ्याच दारात का नाही?"

ताई,

आधी आप्पांची बाजू घेतो, कारण हिशोब त्यांच्या बाजूने आहे. दोन बादल्या म्हणजे साधारण तीस लिटर पाणी. तुम्ही लिहिलंय की गच्चीचा जवळपास ६०० चौरस फुटांचा भाग त्या एका पाइपातून उतरतो. ४० मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला, की एवढ्या स्लॅबवरून सव्वादोन हजार लिटर पाणी खाली येतं. तेवढं पाणी बादलीने ओतायला आप्पांना अडीच महिने लागतील. पावसाळ्यात त्यांच्या बादल्या बंद व्हायला हव्यात हे खरं, पण झाड त्यांनी बुडवलेलं नाही.

म्हणून पहिलं काम वादाचं नाही, प्लंबिंगचं आहे. पाइपाच्या तोंडाला एक एल्बो लावा आणि दहा-बारा फूट पीव्हीसी पाइप जोडून पाणी झाडापासून दूर, उताराच्या बाजूला किंवा गटारीकडे काढा. बोअर असेल तर वाळू-खडीची गाळणी करून पुनर्भरणाला वळवा. परतीचा पाऊस अजून बाकी आहे, त्यामुळे हे याच आठवड्यात करून घ्या. वॉशिंग मशीनचं किंवा मोरीचं पाणी झाडाकडे जात असेल तर तेही तोडा. आपल्याकडे सांडपाण्यावर झाड जगवायची पद्धत आहे आणि मुरमाड जमिनीत ती चालूनही जाते. पण डिटर्जंटमधलं सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करतं, मातीची छिद्रं बुजतात, आणि आधीच मंद असलेला निचरा आणखी मंदावतो.

आता खड्ड्याकडे येऊ. काळी माती ओली झाली की फुगते. उन्हाळ्यात जिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच मातीत आषाढात भेगा मिटलेल्या असतात आणि पाणी खाली जायला वाट उरत नाही. अशा जमिनीत तुम्ही २७ घनफुटांचा खड्डा केला आणि तो आजूबाजूच्या मातीपेक्षा मोकळ्या मालाने भरला. आसपासचं पाणी त्या मोकळ्या जागेत सहज उतरतं, बाहेर मात्र पडत नाही. जेसीबीच्या बकेटने ओल्या चिकणमातीच्या भिंती घासून गुळगुळीत होतात, ते वेगळंच. म्हणजे झाडाखाली साडेसातशे लिटरचा हौद बांधला गेला, फक्त तो दिसत नाही.

तळाला वाळू आणि विटांचे तुकडे घातले की निचरा होतो, असं जवळपास सगळेच धरून चालतात. कुंडीला खाली भोक असतं, खड्ड्याला नसतं. वर बारीक माती आणि खाली भरड थर असला, की वरची माती पुरती चिंब झाल्याशिवाय पाणी खालच्या थरात उतरतच नाही. बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात, मोठी छिद्रं ते ओढून घेऊ शकत नाहीत. आणि तो थर एकदा भरला की त्यातलं पाणी जाणार कुठे? मिस्टरांच्या वाळूच्या ट्रॉलीबद्दलही हेच. चिकणमातीचा पोत बदलायचा तर निम्म्याहून जास्त वाळू लागते. त्यापेक्षा कमी मिसळली तर मातीचे बारीक कण वाळूच्या मधल्या जागा भरतात आणि वाळल्यावर ते मिश्रण विटेसारखं घट्ट होतं. ट्रॉलीचे पैसे वाचवा.

दुसरं म्हणजे खोल पुरलेलं शेणखत. हवा नसलेल्या ओल्या जागेत ते कुजत नाही, सडतं, आणि मुळांच्या वाट्याची उरलीसुरली हवाही खातं. सडून त्याचं आकारमान घटलं की वरची माती खचते आणि तिच्यासोबत झाडही खाली जातं. पहिलं वर्ष बरं का गेलं याचं उत्तरही इथेच असावं. तेव्हा झाड पिशवीतल्या मातीच्या गोळ्यावर, वरच्या वीतभर थरात जगत होतं. दुसऱ्या पावसाळ्यात मुळं खाली गेली, भरणा खचला, खड्डा तुंबला.

आता कुठेही येणाऱ्या कडुनिंबाबद्दल. बांधावर, पडक्या भिंतीशी, देवळामागे उभे असलेले कडुनिंब बहुतेक कुणी लावलेले नसतात. पाखरं निंबोळ्या खातात आणि बी टाकतात. ते कुठेही पडतं, पण टिकतं जिथे पाणी साचत नाही तिथेच. बांध शेतापेक्षा दोन फूट उंच असतो हे विसरू नका. सखल भागात रुजलेली रोपं पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात मेली, ती कुणाच्या मोजणीत नाहीत. कडुनिंब दुष्काळ सोसतो, आपला ४५ अंशांचा मे महिना सोसतो, हलकी आणि चुनखडीची जमीन सोसतो. त्याला सोसत नाही ते पायाशी तुंबलेलं पाणी. खानदेशातलं काटक झाड म्हणून तुम्ही त्याला निवडलंत, निवड चुकली असं म्हणणार नाही. जागा तेवढी त्याच्या स्वभावाच्या उलट मिळाली.

इथवर मी पाणी तुंबलंय असं धरूनच बोलतोय. ते तपासून घ्या, कारण पिवळ्या पानाची कारणं एकाहून जास्त असतात. जुनी, खालची, आतली पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील, माती ओली असूनही दुपारी पानं मान टाकत असतील, तर मुळं गुदमरली आहेत. नवी, शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ती नेहमीची, आणि मुळं तुंबली की आणखी वाढते. पावसाळा ते हिवाळा या काळात कोवळे शेंडे तपकिरी होऊन करपतात, मोठ्या कडुनिंबांवरही करपतात, तो शेंडेमर नावाचा बुरशीजन्य रोग. गावातल्या इतर कडुनिंबांकडे एकदा नजर टाका. तेही तसेच दिसत असतील तर वाळलेल्या शेंड्यांचा दोष पूर्णपणे खड्ड्यावर टाकता येणार नाही. आणि माघ-फाल्गुनातली पानगळ ही कडुनिंबाची रीतच आहे, तेव्हा घाबरून काही ओतू नका.

पाऊस दोन-तीन दिवस उघडला की खुरपी घेऊन बसा. खोडापासून फूटभर अंतरावर, खड्ड्याच्या भरावातच, वीतभर खोल उकरा. तिथली माती मुठीत घेऊन गोळा करा. गोळा तळहाताला चिकटला, बोटाने दाबल्यावर लोण्यासारखा पसरला, तर माती फार ओली. गोळा झाला पण टिचकीने फुटला, हात जवळपास कोरडा राहिला, तर वाफसा आहे, म्हणजे मातीत ओल बेताची आहे. मग तीच माती नाकाशी न्या. निरोगी ओल्या मातीचा वास तुम्हाला ठाऊक आहे. तुंबलेल्या मातीला कुजक्या अंड्याची किंवा गटाराची घाण येते आणि रंगावर निळसर-राखाडी झाक असते. एखादं बारीक मूळ सापडेल, ते दोन बोटांत धरून ओढा. पांढरी मुळी ताठ असते, तुटताना टिचते. सडलेल्या मुळाची काळी साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. पाच-सात मुळं अशी बघितलीत तर अंदाज येतो. निम्मी तरी पांढरी असतील तर झाड वाचवण्याजोगं आहे.

त्याच बैठकीत खोडाचा बुंधा बघा. खोड जमिनीत शिरताना थोडं रुंदावलेलं, मुळांकडे फाकलेलं दिसायला हवं. तुमचं झाड विजेच्या खांबासारखं सरळ मातीत गेलं असेल, तर ते खचलंय किंवा मुळातच खोल लावलंय. हाताने हळूहळू माती बाजूला करा. पहिलं जाड मूळ दिसलं की थांबा. ते दोन-तीन इंचांवर मिळालं तर वरची माती कायमची काढून टाका आणि भोवतालची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करा. सहा इंचांहून खोल असेल तर नुसतं उकरून भागणार नाही, कारण उकरलेली जागा पुन्हा डबकं होईल. त्याबद्दल पुढे सांगतो. खोडाभोवती मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर ती पिशवीतली सवय. बोटाहून बारीक असतील तर धारदार कात्रीने तोडून टाका.

निचऱ्याची एक परीक्षा आप्पांकडून करून घ्या. झाडापासून पाच-सहा फुटांवर, न खणलेल्या जमिनीत एक फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि काठीवर खूण करून दर तासाला पाणी किती उतरलं ते बघा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरलं तर निचरा ठीक. अर्ध्या इंचाहून कमी म्हणजे कडुनिंबासाठी वाईट. पहिलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर पुढे मोजायची गरज नाही.

आप्पांना सांगायचं कसं, याचं उत्तरही इथेच दडलंय. त्यांना सांगू नका, विचारा. कपाशीतली आकस्मिक मर त्यांनी पाहिलेली असणार. बरेच दिवस ताण, मग जोराचा पाऊस, आणि दोन दिवसांत हिरवीगार कपाशी मान टाकते, वावरात पाणी असून. तेव्हा कुठलाही शेतकरी पाणी देत नाही. आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढतो आणि वाफसा यायची वाट पाहतो. मुळांना पाणी ओढायला हवा लागते, ती नसली की झाड पाण्यात उभं राहून तहानतं. अंगणातल्या झाडाला हाच नियम लावायचं आपल्या मनात येत नाही, कारण झाड आपण कुंडीसारखं सांभाळतो, पिकासारखं नाही. खुरपीने निघालेली ती काळी मुळं आप्पांच्या हातात द्या आणि विचारा, "आप्पा, वावरात अशी मर लागली असती तर तुम्ही काय केलं असतं?" बादल्यांचा विषय तुम्हाला काढावाच लागणार नाही असा माझा अंदाज आहे. पाणी देणं हा त्यांचा रोजचा उद्योग असेल तर तो बंद करू नका, बदला. रोज सकाळी मातीचा गोळा करून बघायचा आणि तो फुटला तरच पाणी द्यायचं, एवढं काम त्यांच्याकडे द्या.

आता वाटा. तुमच्यापुढे तीन आहेत आणि घाईने कुठलीच घेऊ नये.

पहिली वाट, झाड जागेवर ठेवून हौदाला भोक पाडायचं. यासाठी पाणी नेऊन सोडायला खड्ड्याच्या तळापेक्षा खोल जागा हवी, नाहीतर सगळी मेहनत फुकट. तुमचा प्लॉट रस्त्यापेक्षा उंच असेल किंवा कडेला खोल गटार असेल तर जमेल. बाहेरच्या बाजूने झाडाकडे एक फूट रुंद चर खणत या, दर दहा फुटांना दीड इंच उतार ठेवा, आणि खड्ड्याच्या भिंतीशी आल्यावर पहारीने ती फोडा. चराचा तळ खड्ड्याच्या तळाइतका किंवा दोन इंच खाली असावा. भिंत फुटल्यावर काळं, वास मारणारं पाणी चरात उतरू लागलं तर निदान आपोआप पक्कं झालं. चरात चार इंच व्यासाचा, भोकं पाडलेला पाइप टाका, भोकं खालच्या बाजूला, भोवती २० मिलिमीटर खडी, खडीवर शेडनेटचा किंवा जुन्या खताच्या गोणीचा तुकडा, वर माती. कापड विसरलात तर चिखल वर्ष-दोन वर्षांत खडी बुजवतो.

उतार नसेल, पण काळ्या मातीखाली लवकर मुरूम लागत असेल, तर याच वाटेवर आणखी एक उपाय आहे. घराचा पाया खणताना मुरूम किती फुटांवर लागला ते मिस्त्रींना आठवत असेल. तापी, गिरणा किंवा पांझरेच्या काठाजवळ काळी माती फार खोल असते, तिथे हा नाद सोडा. डोंगराकडच्या, चढाच्या गावांत मात्र ती चार-पाच फुटांवर संपते. तिथे खोडापासून अडीच-तीन फुटांवर, मूळ खड्ड्याच्या कडेला, हाताच्या ऑगरने, म्हणजे जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने, चार इंची दोन-तीन भोकं मुरमापर्यंत न्या आणि तोंडापर्यंत खडीने भरा. पाणी मुरमात जिरतं.

ही खोदाई वाफशावर करा. चिखलात उतरून केली तर पायांनीच माती दाबली जाते. तोवर निदान वरवरचं पाणी तरी बाहेर काढा आणि झाडाभोवतीचं आळं मोडा. आळं हे आपल्याकडे उन्हाळ्यासाठी असतं. मृगाआधी ते फोडून माती खोडाकडून बाहेर उतरती करायची आणि दसऱ्यानंतर पुन्हा बांधायचं.

दुसरी वाट, झाड उचलून उंचावर लावायची. उतारही नाही, मुरूमही नाही, किंवा बुंधा अर्धा फूट गाडला गेलाय, अशा वेळी हीच खरी. पण आत्ता नाही. आत्ता मुळं दुखावलेली आहेत, पुढे ऑक्टोबरचं ऊन आहे, आणि मुळांभोवतीचा ओल्या मातीचा गोळा उचलताना फुटणार. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, पानगळ झाल्यावर आणि नवी पालवी फुटायच्या आत, हे काम करा. खोडाच्या जाडीच्या दहा-बारापट रुंद गोळा धरायचा. तुमचं खोड सव्वा इंचाचं असेल तर बारा ते पंधरा इंच रुंद आणि तेवढाच खोल. दोन दिवस आधी हलकं पाणी द्या, गोळा गोणपाटात सुतळीने आवळून बांधा, खोडाला धरून उचलू नका. जुना खड्डा त्याच काळ्या मातीने भरून पायाने बेताने दाबा. जागा पाइपापासून चार-पाच फूट सरकवता आली तर आणखी चांगलं.

नवीन जागी खड्डा करायचाच नाही. जमीन कुदळीने अर्धा फूट मोकळी करा आणि तिच्यावर सहा-सात फूट रुंद, दीड ते पावणेदोन फूट उंच ढिगारा घाला. तीन घमेली तिथलीच काळी माती, एक घमेलं बारीक मुरूम, एक घमेलं पुरतं कुजलेलं शेणखत, हे प्रमाण. ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी माती लागते. ढिगारा दोन-तीन पाण्यांनी बसू द्या, मग गोळा त्याच्यात असा ठेवा की बुंधा ढिगाऱ्याच्या माथ्यापेक्षा दोन बोटं वरच राहील, कारण माती नंतरही खचते. रावेर-यावलकडे केळी गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, लावतात, त्यामागे हाच विचार आहे. फक्त एक लक्षात ठेवा, ढिगारा झाडाखाली घालायचा असतो. उभ्या झाडाच्या खोडाभोवती माती चढवली तर मुळं आणखी खोल गाडली जातात आणि ते झाड हळूहळू जाऊ शकतं. ही चूक चांगल्या हेतूने आणि फार सर्रास होते.

तिसरी वाट शेजाऱ्यांची, उपटायची. ती वाईट नाही, आत्ताची नाही इतकंच. कडुनिंब पानांविना दिसतो तेव्हाही जिवंत असू शकतो. वाळलेल्या शेंड्यापासून खाली येत नखाने साल थोडी खरवडा. आत हिरवं दिसलं की तिथपर्यंत फांदी जिवंत आहे. मेलेला भाग पालवीनंतर, चैत्रात कापा. आत्ता कात्री लावू नका, आहेत ती पानं झाडाला हवी आहेत. गुढीपाडव्यापर्यंत झाडाने पालवी फेकली तर ते राहिलं. उचलून लावलं असेल तर महिनाभर जास्त द्या. वैशाखातही खोड खालपर्यंत कोरडं असेल तर मात्र जीव गुंतवू नका.

मधल्या काळात खत नाही. तुंबलेल्या मातीत दिलेला युरिया झाडाला फारसा मिळतच नाही, बराचसा वायू होऊन उडतो, आणि दुबळ्या मुळांना क्षारांचा त्रास होतो तो वेगळा. बुरशीनाशकाचंही तसंच, निचरा न करता दहा लिटर द्रावण ओतणं म्हणजे आणखी दहा लिटर पाणी देणं. नव्या पानांवर हिरव्या शिरांचा पिवळेपणा असेल तर लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून सकाळी किंवा संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. हा उपाय वरवरचा आहे, पण निरुपद्रवी. जिप्सम टाका असं कुणी सुचवेल. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या, जमिनीवरचं औषध आहे, सगळ्या काळ्या जमिनीवरचं नाही. आधी माती तपासा. सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त निघालं तरच द्या. तपासणी कृषी विज्ञान केंद्रात होते. जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल इथे केंद्रं आहेत, धुळे आणि नंदुरबारलाही आहेत.

आणि एक सावधगिरी, जी बहुतेक जण चुकवतात. पावसाळ्यात निम्मी मुळं गमावलेलं झाड ऑक्टोबरपासून उलट्या संकटात सापडतं. वरची माती तडकू लागते आणि उरलेल्या थोड्या मुळांना लांबचं पाणी गाठता येत नाही. तेव्हा पाणी लागतंच, पण गोळ्याची परीक्षा करून. हिवाळ्यात बहुधा बारा-पंधरा दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये आठ दिवसांनी, एका वेळी पंधरा-वीस लिटर, खोडापासून दीड फूट लांब गोल रिंगणात. जमिनीवर चार इंच जाड आच्छादन घाला. केळीची वाळलेली पानं, मक्याचा किंवा ज्वारीचा कडबा, भुईमुगाची टरफलं, जे मिळेल ते. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल सडते आणि वाळवी चढते. भेगा पडल्याच तर त्यात पाणी सोडू नका, ते सरळ खाली निघून जातं. आधी भुसभुशीत माती आणि शेणखताने बुजवा. भेग रुंदावताना मुळं अक्षरशः तुटतात.

उपटायची वेळ आलीच, तर त्याच ओल्या जागी पुन्हा कडुनिंब नको, बहावाही नको. पाणी सोसणारी सावलीची झाडं आहेत. करंज तर नाल्याकाठचाच, आणि आपलं ऊनही झेलतो. अर्जुन नदीकाठचा, पण तो फार मोठा होतो. घराच्या भिंतीपासून पंचवीस फूट सोडता येत असतील तरच. जांभूळ चालेल, फक्त जूनमध्ये फळांचा सडा पडतो, गाडी खाली लावणार असाल तर विचार करा. ताम्हण आकाराने बेताचा, फुलं देखणी, ओल सोसतो. उन्हाळ्यात मात्र पाण्याला हात आखडता घेऊन चालणार नाही. तुमच्या दारासाठी मी करंज निवडेन, तोही अर्ध्या-पाऊण फुटाच्या उंचवट्यावर. रोप सहा फुटी घेऊ नका, तीन-चार फुटी घ्या, लहान रोप जमीन लवकर धरतं. जूनचे पहिले दोन पाऊस झाले की लावा, आणि नर्सरीत पिशवी कडेने उघडून मुळं बघूनच पैसे द्या. तळाशी मुळांची गोल वेटोळी दिसली तर ते रोप ठेवून दुसरं मागा. नर्सरीवाला पिशवी उघडू देत नसेल तर दुसरी नर्सरी बघा.